हँडगनने शिकार करणाऱ्यासाठी होल्स्टर: वजन कुठे टेकणार ते आधी ठरवा

होल्स्टर, म्हणजे शस्त्र अंगावर बाळगायचं म्यान, घेताना नवखा माणूस दोन गोष्टी बघतो: तो दिसतो कसा आणि हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर) त्यातून किती झटकन बाहेर येते. शिकारीत या दोन्हींचं मोल कमी. हरीण दिसल्यावर टेकू शोधायला, श्वास स्थिर करायला आणि नेम धरायला बहुतेक वेळा पुरेसा वेळ मिळतो. प्रश्न असतो तो दिवसभराचा. पहाटे अंगावर चढवलेला होल्स्टर अंधार पडेपर्यंत अंगावर राहील का? जो खुपतो, ओढतो किंवा मान अवघडवतो, तो दुपारी हमखास उतरवला जातो. मग भरलेली हँडगन ओंडक्यावर, बुंध्याशी नाहीतर पाठीवरच्या बॅगेच्या कप्प्यात जाते. तिथून ती घसरते, तिच्या ट्रिगरशी डहाळी किंवा चेन अडकते, कधी ती तिथेच विसरून माणूस दोन किलोमीटर पुढे निघून जातो. आरामदायी होल्स्टरचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी.

आधी कायद्याचं. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार बेकायदा आहे, तेव्हा हे मार्गदर्शन अमेरिकेत परवाना काढून शिकार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. तिथे कोणता प्राणी, कोणत्या हंगामात आणि कोणत्या हँडगनने मारता येतो हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. होल्स्टरशी थेट संबंध असलेले दोन नियम मात्र आधीच तपासा. छातीवरचा किंवा कमरेचा होल्स्टर जॅकेटखाली गेला की काही ठिकाणी ते ‘लपवून बाळगणं’ ठरू शकतं आणि त्याचे नियम वेगळे असतात. शिवाय गाडीत भरलेलं शस्त्र ठेवण्याबाबतही राज्याराज्यांत फरक आहे. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षातून सुटते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला वैध शिकार परवाना. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. व्हिसावर असाल तर हँडगन हातात घेण्यापूर्वी वकिलाशी बोला.

शस्त्र ठरल्याशिवाय होल्स्टर बघू नका

शिकारीची हँडगन म्हणजे खिशात मावणारं पिस्तूल नव्हे. रुगर सुपर रेडहॉक, ७.५ इंची नळीचं .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर, रिकामं असताना साधारण १.५ किलो भरतं. स्मिथ अँड वेसनचं ४६० एक्सव्हीआर ८.३८ इंची नळीसह २ किलोंच्या पुढे जातं. .४४ मॅग्नमची सहा काडतुसं जवळपास १५० ग्रॅमची होतात. वर दुर्बीण बसवली तर रिंगांसकट आणखी ३०० ते ४०० ग्रॅम. याउलट १० मिलिमीटर काडतुसाचं ग्लॉक २० पिस्तूल भरलेल्या मॅगझिनसह १.१ किलोच्या आसपास राहतं. एका किलोला चालणारी मांडणी दोन किलोंना चालत नाही, त्यामुळे तुमचं शस्त्र पूर्ण तयार अवस्थेत, म्हणजे दुर्बीण आणि डमी काडतुसांसह, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा.

होल्स्टर मागवताना ‘रुगर .४४’ एवढंच सांगू नका. कंपनी, मॉडेल, नळीची लांबी, साइटचा (नेम धरायच्या खुणेचा) प्रकार, दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) असल्यास तिचं मॉडेल, आणि तुमचा उजवा-डावा हात, हे सगळं द्या. रेडहॉकसाठी घडवलेल्या होल्स्टरमध्ये सुपर रेडहॉक बसत नाही, कारण तिची फ्रेम (सांगाडा) नळीवर पुढेपर्यंत आलेली असते. स्मिथ अँड वेसनची एन-फ्रेम आणि ४६० किंवा ५०० ची एक्स-फ्रेम यांत तर मापाचा मोठा फरक आहे. थॉम्पसन सेंटरच्या एकाच गोळीच्या पिस्तुलांतही काँटेंडरचा होल्स्टर एन्कोअरला लावायचा प्रयत्नही करू नका. ‘सर्व मोठ्या रिव्हॉल्वरांसाठी’ असं लिहिलेला होल्स्टर कुठल्याच रिव्हॉल्वरला नीट धरत नाही. आत शस्त्र हलतं, वजन हिंदकळतं आणि तासाभरात तेच दुखायला लागतं.

दुर्बीण नंतर बसवायचा विचार असेल तर ती आधी बसवा, मग होल्स्टर घ्या. उघड्या साइटसाठी घेतलेला चांगला होल्स्टर दुर्बीण आली की निरुपयोगी होतो.

तुमचा दिवस कसा जातो?

कागदावर तुमच्या एका दिवसाचे तास मांडा: चालणं किती, बसणं किती, पाठीवर बॅग आहे का, झाडावर चढायचं आहे का, गाडीत किंवा घोड्यावर किती वेळ. होल्स्टर कुठे असावा याचं उत्तर बहुतेक यातूनच येतं.

कमरेचा होल्स्टर, हाताच्याच बाजूला. नळी ६ इंचांपर्यंत, वजन सव्वा किलोच्या आत आणि बॅग नसलेलं चालणं, अशा वेळी हा सर्वांत साधा आणि हलका पर्याय. नळी ७.५ इंच झाली की अडचणी सुरू होतात. जमिनीवर बसलात की होल्स्टरचं टोक मातीत टेकतं आणि मूठ वर ढकलली जाऊन बरगडीत रुतते. खुर्चीवर किंवा गाडीत बसतानाही तेच. धड आखूड असलेल्यांना आणि रुंद नितंबांच्या स्त्रियांना हा त्रास लवकर होतो. होल्स्टर पट्ट्यापासून थोडा खाली उतरवणारा आणि अंगापासून किंचित बाहेर धरणारा जोड लावला तर फरक पडतो. मांडीला बांधायचा पट्टा मात्र लांब चालण्यात नको. प्रत्येक पावलाला वजन उचलावं लागतं आणि चढणीवर मांडी भरून येते.

पाठीवरच्या बॅगेला कमरपट्टा असेल तर कमरेच्या होल्स्टरचा विचार सोडूनच द्या. दोघांनाही नितंबाच्या हाडावरची तीच जागा हवी असते. बॅगेचा पट्टा होल्स्टरवर आवळला की शस्त्र हाडात दाबलं जातं, आणि पट्टा सैल ठेवला तर बॅगेचं सगळं वजन खांद्यांवर येतं.

विरुद्ध बाजूचा, म्हणजे क्रॉस-ड्रॉ. उजव्या हाताच्या माणसाने शस्त्र डाव्या कमरेला, मूठ पुढे करून अडकवायचं. गाडी चालवताना, घोड्यावर आणि खुर्चीवर बसून वाट पाहताना हा आरामाचा, कारण नळी मांडीच्या बाजूने तिरकी जाते. याचा धोका एकच आणि मोठा आहे. शस्त्र काढताना नळीचं तोंड डावीकडून समोर फिरतं. डाव्या बाजूला सोबती असेल किंवा तुमचाच डावा हात वाटेत असेल तर तोंड त्याच्यावरून जातं. डावा हात छातीशी घेऊन, डावा खांदा पुढे वळवून काढायची सवय लागेपर्यंत हा होल्स्टर रानात नेऊ नका.

खांद्याचा होल्स्टर. काखेखाली आडवा धरणारा प्रकार शिकारीला टाळा, कारण नळीचं तोंड दिवसभर मागच्या माणसाकडे असतं. उभा, तोंड खाली ठेवणारा प्रकार लांब नळीला चालतो. मात्र त्याचा खांदापट्टा निदान दोन इंच रुंद हवा आणि खालचं टोक कमरेच्या पट्ट्याला बांधता यायला हवं. हे टोक मोकळं राहिलं तर वाकताना शस्त्र लोलकासारखं पुढे येतं. पट्टा मानेच्या मुळाशी सरकत असेल तर तासाभरात मान धरते आणि हाताला मुंग्या येऊ लागतात. दोन्ही खांद्यांचे पट्टे पाठीवर जोडलेले असले की वजन विभागतं.

छातीचा होल्स्टर. बॅग घेऊन डोंगर चढणाऱ्यांसाठी, पाण्यातून जाणाऱ्यांसाठी आणि ७.५ ते १० इंची नळीसाठी आमची पहिली पसंती हीच. वजन शरीराच्या मध्याजवळ राहतं, बसताना काही टोचत नाही, आणि शस्त्र कायम डोळ्यांसमोर असतं. त्याची मांडणी मात्र नीट करावी लागते. होल्स्टर आधी घाला, बॅग नंतर. असं केलं की विश्रांतीला बॅग उतरवली तरी शस्त्र अंगावरच राहतं. मूठ छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ आणि नळी विरुद्ध बाजूच्या बरगड्यांच्या खालच्या कडेकडे तिरकी, ही सुरुवातीची जागा. तिथून पट्टे एकेक भोक सरकवून बघा. फार वर बांधला तर खाली बघताना हनुवटीला मूठ लागते, फार खाली बांधला तर चढताना गुडघा आदळतो. स्त्रियांनी तो छातीच्या उभाराखाली, बरगड्यांवर सपाट बसेल इतका उतरवावा. बरगड्यांभोवतीचा पट्टा दीर्घ श्वास घेऊन आवळा, नाहीतर पहिल्याच चढणीला दम कोंडतो.

डोळ्यांना लावायच्या दुर्बिणीचा (बायनॉक्युलर) छातीवरचा कप्पा वापरत असाल तर तो वर आणि होल्स्टर त्याच्याखाली असा क्रम लावा. दोन्ही घालून बायनॉक्युलर डोळ्यांना लावून बघा. कोपर मुठीवर आपटत असेल तर होल्स्टर दोन बोटं खाली घ्या. केशरी कपड्यांचा हिशेबही इथेच करा. कोलोरॅडोत बंदुकीने मोठ्या प्राण्यांची शिकार करताना कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार केशरी किंवा गुलाबी रंग लागतो, तोही टोपीसकट. काळा रुंद होल्स्टर आणि त्याचे पट्टे जाकिटाचा बराच भाग झाकतात, म्हणून राज्याचा आकडा बघा आणि जाकीट त्या मानाने मोठं घ्या.

झाडावरच्या मचाणावर बसणाऱ्यांना छातीचा होल्स्टर बऱ्याचदा अडतो. पडण्यापासून वाचवणारा हार्नेस छातीवरच बकलने बंद होतो आणि त्याच्यावर काहीही दाबून बसता कामा नये. हार्नेस आधी, पूर्ण घट्ट. मग होल्स्टर बकलच्या खाली बसतोय का ते बघा. बसत नसेल तर क्रॉस-ड्रॉ घ्या. चढताना आणि उतरताना शस्त्र रिकामं ठेवा. मोठं रिव्हॉल्वर असेल तर ते बंद पिशवीत घालून दोरीने वर ओढून घेणं सर्वांत बरं.

शस्त्र धरून कोण ठेवतं?

होल्स्टर उलटा केला, हलवला, तरी रिकामं शस्त्र बाहेर पडता कामा नये. ही चाचणी गादीवर करा. नुसत्या घट्टपणावर विसंबू नका, काहीतरी यांत्रिक अडसर हवाच: हॅमरवरून (काडतुसावर आघात करणाऱ्या खटक्यावरून) जाणारा चामडी फास, अंगठ्याने उघडणारं बटण किंवा बकलचा पट्टा. चामडी फास आवाज न करता निघतो, म्हणून शिकारीला तो उत्तम. वेलक्रोचा फर्रर आवाज शांत सकाळी हरणाला सहज ऐकू जातो. प्रेसबटण चालतं, पण जाड हातमोजे घालून उघडून बघा.

ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकलेला हवा, आणि तोही बोटाने दाबल्यावर आत न जाणाऱ्या कडक भिंतीने. मऊ नायलॉनच्या होल्स्टरमध्ये ट्रिगर झाकलेला दिसतो, पण बाहेरून फांदी किंवा गुडघा दाबला तर तो दाब आत पोचतो.

इथेच जुन्या सिंगल-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीसाठी हॅमर हाताने मागे ओढावा लागणाऱ्या रिव्हॉल्वरचा मुद्दा येतो. रुगरच्या १९७३ पूर्वीच्या ब्लॅकहॉक आणि सुपर ब्लॅकहॉकमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर ओढल्याशिवाय हॅमरचा आघात काडतुसापर्यंत न पोचू देणारी पट्टी) नाही, त्यामुळे हॅमरवर आघात झाला तर खालचं काडतूस उडू शकतं. अशा शस्त्रात पाचच काडतुसं भरायची आणि हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं. कंपनी जुन्या मॉडेलांत ही सुधारणा विनामूल्य करून देते. कितीही चांगला होल्स्टर याला पर्याय नाही.

चामडं, कायडेक्स, नायलॉन

चामडं शांत असतं, अंगाला हळूहळू वळण घेतं आणि शस्त्राच्या चकाकीला ओरखडे कमी पाडतं. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेलं, ३ ते ४ मिलिमीटर जाडीचं चामडं मागा. क्रोमने कमावलेल्या चामड्यातले क्षार पोलादाला गंज चढवतात. आत मेंढीच्या लोकरीचं किंवा मखमलीचं अस्तर असलेला होल्स्टर हाताला छान लागतो, पण ते अस्तर ओल आणि रेती धरून ठेवतं. नको.

कायडेक्स (साच्यात घडवलेलं कडक प्लास्टिक) पाऊस, बर्फ आणि चिखलाला दाद देत नाही, आणि त्याचा आकार चामड्यासारखा सैल पडत नाही. पण फांदी घासली की खरखरतो आणि शस्त्र काढताना टक असा आवाज होतो. आत रेती गेली तर नळीवर रेघा उमटतात. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वाकतो. अंगाकडच्या बाजूला चामडं किंवा जाड फोम लावलेला असेल तरच तो दिवसभर सुसह्य होतो.

नायलॉन स्वस्त, हलका आणि लवकर वाळणारा. हंगामातून दोनदा जाणाऱ्याला, किंवा दुर्बीण लावलेल्या लांब नळीसाठी घडीव होल्स्टर मिळत नसेल तर चालेल, फक्त ट्रिगरपाशी आत कडक पट्टी शिवलेली आहे का ते दाबून बघा.

टोक उघडं की बंद? उघड्या टोकातून पाणी आणि काडीकचरा गळून जातो, पण बर्फात बसलात तर नळीत बर्फ दाबला जातो. बंद टोकात कचरा साठतो. दोन्ही प्रकारांत नळी अडलेली असू शकते आणि अशा नळीतून झाडलेली गोळी शस्त्र फोडू शकते. घसरलात, बसलात, झुडपातून आलात की थांबा, शस्त्र रिकामं करा आणि नळी आरपार बघा.

कमरेचा होल्स्टर घेणाऱ्यांनी पट्ट्यावर हात आखडू नये. रोजचा ऑफिसचा पट्टा दीड किलोखाली मुडपतो आणि होल्स्टर बाहेर लोंबतो. दीड ते पावणेदोन इंच रुंद, दुपदरी चामड्याचा किंवा आत कडक पट्टी असलेला घ्या. होल्स्टरची पट्टा ओवायची खाच पट्ट्याच्या रुंदीशी तंतोतंत जुळली पाहिजे, कारण दीड इंची पट्ट्यावर पावणेदोन इंची खाच दिवसभर खालीवर सरकते. पट्टा गरजेपेक्षा आवळलात तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा आग जाणवू लागते. कमरेजवळून जाणारी त्वचेची शीर दाबली गेल्याचं ते लक्षण आहे, आणि लगेच सैल करायला हवं.

घरी दोन तासांची चाचणी

रानात नेण्यापूर्वी हे घरी करा. परत करायची मुदत आधी विचारून घ्या, आणि लेबलं काढू नका.

१. शस्त्र रिकामं करा. डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, पुन्हा बघा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. वजन खरं लागावं म्हणून डमी काडतुसं भरा.

२. हंगामात घालता तेवढेच कपडे घाला: आतला थर, लोकरीचा थर, जाकीट, हातमोजे, बूट. टी-शर्टवर केलेल्या चाचणीचा उपयोग नाही, थरांनी छातीचा घेर बदलतो.

३. पट्टे लावा, बॅग किंवा हार्नेस चढवा, पाणी आणि बायनॉक्युलर घ्या.

४. वीस मिनिटं चाला, त्यात जिना दहा वेळा चढा-उतरा. होल्स्टर जागेवरून सरकला तर पट्टा आवळण्याआधी बघा की तो सरकतो नेमका कुठून. बऱ्याचदा एखादं बकल धरत नसतं.

५. जमिनीवर मांडी घालून, गुडघ्यावर, खुर्चीवर आणि गाडीच्या सीटवर प्रत्येकी दहा मिनिटं बसा. पोटावर झोपून दोन मीटर सरपटा.

६. पुढे वाकून बुटाची नाडी बांधा. शस्त्र अंगापासून लोंबत असेल तर कमरेकडे बांधायचा एक पट्टा कमी आहे.

७. उरलेला वेळ घरातली कामं करा आणि लक्ष काढून घ्या. पुन:पुन्हा पट्टा सारखा करावासा वाटला, तर ती जागा खडूने खूण करून ठेवा.

८. सगळं उतरवल्यावर आरशात खांदे आणि कमर बघा. लाल वळ अर्ध्या तासात गेले नाहीत तर तिथला दाब जास्त आहे. रुंद पट्टा किंवा पॅड लावा. तरीही गेला नाही तर होल्स्टरच बदला.

नवं चामडं सुरुवातीला शस्त्र घट्ट धरतं. शस्त्र रिकामं करून दोन पातळ प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळा, आत ढकला आणि रात्रभर कुलपात ठेवा. एकदोन रात्रींत सैल होतं. तेल ओतू नका. तेलाने चामडं कायमचं मऊ पडतं आणि पकड जाते.

काढणं आणि परत ठेवणं

याचा सराव रिकाम्या शस्त्राने, सुरक्षित दिशेला तोंड करून, आधी बसून आणि मग उभं राहून करा. अडसर काढा, मूठ पूर्ण पकडा, सरळ बाहेर ओढा, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगर गार्डबाहेर फ्रेमवर. रोज दहा वेळा, सावकाश.

परत ठेवताना अपघात जास्त होतात. जाकिटाच्या कडेची दोरी, तिच्या टोकाचा प्लास्टिकचा मणी किंवा हातमोज्याची सैल पट्टी ट्रिगर गार्डमध्ये शिरते आणि शस्त्र आत दाबलं की तीच ट्रिगर ओढते. शिकारीच्या जाकिटाच्या खालच्या दोऱ्या हंगामाआधी कापून किंवा आत शिवून टाका. ठेवताना होल्स्टरच्या तोंडाकडे बघा, दुसऱ्या हाताने कपडा बाजूला करा, अंगठा हॅमरवर ठेवा आणि हळूहळू सोडा. अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, बाहेर काढून कारण शोधा. हरीण मारल्यावर हात थरथरत असतात, अशा वेळी आधी शस्त्र रिकामं करा आणि मगच ठेवा.

शिकारीहून परतल्यावर

शस्त्र होल्स्टरमध्ये साठवू नका. चामडं हवेतली ओल धरतं आणि आठवड्याभरात नळीवर तांबूस ठिपके दिसतात. पितळी काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात राहिली तर त्यांच्यावर हिरवट थर चढतो आणि ती चेंबरमध्ये (काडतुसाच्या घरात) अडतात. भिजलेला चामडी होल्स्टर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. शेकोटीजवळ किंवा हीटरवर तो आक्रसतो, आणि मग शस्त्र आत जात नाही. कायडेक्स कोमट पाण्याने धुवा आणि त्याचे स्क्रू तपासा. चालण्याच्या हादऱ्यांनी ते सैल होतात, म्हणून बसवतानाच त्यांना सैल होऊ न देणारा, पण अवजाराने सुटणारा निळा गोंद (थ्रेडलॉकर) लावा. पट्ट्यांच्या ज्या भोकांवर सगळं जमून आलं, त्यांच्याजवळ आतल्या बाजूने पेनाने खूण करा, जाड कपड्यांसाठी एक आणि पातळ कपड्यांसाठी दुसरी, म्हणजे पुढच्या हंगामात पहाटेच्या अंधारात हाताला तीच जागा सापडेल.